स्पोर्ट्स कार, गाडीचं वजन आणि आपल्याकडचा टॅक्स: सारखे येणारे प्रश्न

गाड्यांबद्दल लिहायला लागल्यापासून मेसेजमधे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी आणलंय. वरचे प्रश्न सोपे आहेत, खाली जाल तसे किचकट. मतं माझी आहेत आणि ती मी ठामपणे मांडणार. टॅक्सचे आणि आरटीओचे नियम मात्र बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी ते एकदा तपासून घ्या.

१. स्पोर्ट्स कार म्हणजे नक्की काय? दोन दरवाजे आणि खाली बसकी असली की झाली का?

नाही. माझ्या लेखी स्पोर्ट्स कार म्हणजे जी बनवताना आधी चालवणाऱ्याचा विचार झाला आणि मग डिक्की, मागची सीट, ॲव्हरेज या सगळ्याचा. हलकी असावी, खाली असावी, स्टिअरिंग फिरवल्या फिरवल्या नाक वळावं, आणि टायरखाली काय चाललंय ते हाताला कळावं. दोन दरवाजांच्या कितीतरी गाड्या यात बसत नाहीत, आणि चार दरवाजांच्या काही जवळजवळ बसतात.

२. मग सुपरकार, हायपरकार, जीटी, हॉट हॅच यात फरक काय?

जीटी म्हणजे लांबच्या प्रवासाची वेगवान, आरामशीर गाडी. सुपरकार म्हणजे महाग, दुर्मिळ, बहुतेकदा इंजिन मधोमध असलेली. हायपरकार हा त्याच्याही वरचा मजला, बुगाटी वेरॉन वगैरे. हॉट हॅच म्हणजे साध्या घरगुती हॅचबॅकमधे दमदार इंजिन आणि चांगलं सस्पेन्शन, १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयनं ही कल्पना घराघरात नेली. या सगळ्यात सामान्य माणसाला परवडेल असा प्रकार शेवटचाच, त्याबद्दल प्रश्न १० बघा.

३. दादा, तुम्ही प्रत्येक गाडीचं वजन काय काढत बसता? पॉवर असली की झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं सगळं म्हणणं याच्या उत्तरातच आहे, त्यामुळे इथे जरा लांबण लावतो.

पॉवर फक्त एकाच गोष्टीला मदत करते, पुढे पळायला. वजन कमी असलं तर पळायला, थांबायला आणि वळायला अशी तिन्हीकडे मदत होते. पाठीवर वीस किलोची सॅक घेऊन गड उतरताना गुडघ्यांचं जे होतं तेच जड गाडीच्या टायरचं आणि ब्रेकचं प्रत्येक वळणावर होतं. आणि वजन एकटं येत नाही, जड गाडीला मोठे ब्रेक लागतात, मोठ्या ब्रेकला मोठी चाकं लागतात, मोठ्या चाकांना कडक स्प्रिंग लागतात, कडक स्प्रिंगला आणखी भक्कम बॉडी लागते, आणि हे सगळं ओढायला मोठं इंजिन लागतं, जे परत वजन वाढवतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की कंपनी ५०० हॉर्सपॉवरची जाहिरात करते आणि चालवणाऱ्याला मजा काहीच येत नाही.

उलट बाजू बघा. १९८९ मधे शिकागोच्या ऑटो शोमधे माझदानं एमएक्स-५ आणली, १.६ लिटरचं इंजिन, सव्वाशेच्याही खाली हॉर्सपॉवर, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. कागदावर काहीच नाही. तरी ती जगातली सगळ्यात जास्त विकली गेलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार झाली, २०१६ मधे दहा लाखावी गाडी बाहेर पडली. आणि मला सगळ्यात जास्त आदर कशाचा वाटतो तर २०१५ ला विक्रीला आलेली चौथी पिढी, सुरक्षेची सगळी सामग्री घालूनसुद्धा, हजार ते अकराशे किलोत बसवली त्याचा. बाकी सगळ्यांनी नियमांकडे बोट दाखवून वजन वाढवलं, माझदाच्या हिरोशिमातल्या लोकांनी मात्र ते कमी ठेवून दाखवलं.

१९९६ ची लोटस एलिस तर ७२५ किलोची होती, ॲल्युमिनियमचे भाग चक्क गोंदानं चिकटवून चॅसी केलेली, आणि ११८ हॉर्सपॉवरचं साधं रोव्हरचं इंजिन घेऊन ती सहा सेकंदांच्या आसपास शंभर गाठायची. महागड्यातही बघा, डिझायनर गॉर्डन मरे यांची मॅकलॅरन एफ१ साधारण ११४० किलोची, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) नाही, आणि १९९८ मधे तिनं ताशी ३८६ किलोमीटर गाठले. पुढे वेरॉननं तो वेग ओलांडला पण त्यासाठी १००१ हॉर्सपॉवर, चार टर्बो आणि १९०० किलोच्या जवळ जाणारं वजन लागलं. इंजिनिअरिंग म्हणून वेरॉन अफाट आहे, पण मला विचाराल तर मरे यांनी काढलेला मार्ग जास्त हुशारीचा.

४. "फील", "फीडबॅक" हे सगळं खरं असतं की नुसत्या शौकिनांच्या गप्पा?

खरं असतं आणि मोजता येण्यासारख्या कारणांनी असतं. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमधे पुढच्या चाकाची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हातात हलकं पडायचं, ती सूचना असायची. इलेक्ट्रिक स्टिअरिंग आल्यावर पेट्रोल वाचलं, पार्किंग सोपं झालं, पण मोटर आणि सॉफ्टवेअर मधे आलं. २०११ च्या पोर्शे ९११ मधे इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं तेव्हा जगभर ओरड झाली होती ती उगाच नव्हती, पुढे कंपनीनं ते बरंच सुधारलं.

इंजिनचंही तसंच. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन टर्बोशिवाय जपानमधे २५० हॉर्सपॉवर द्यायचं आणि ९००० आरपीएमपर्यंत फिरायचं, पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि त्याच क्षणी मिळायचं. टर्बोमधे खालूनच भरपूर ताकद मिळते, रोजच्या ट्रॅफिकमधे ते सोयीचंच आहे, पण वर चढत जाण्यातली जी ओढ असते ती जाते. कंपन्यांनी हौसेनं हे केलं नाही, प्रदूषणाच्या चाचणीत लहान टर्बो इंजिन सोपं जातं म्हणून केलं.

५. मॅन्युअल गिअर आता कशाला? ऑटोमॅटिक तर जास्त फास्ट आहे.

फास्ट आहे, वाद नाही. डबल क्लचचा गिअरबॉक्स जितक्या वेळात गिअर बदलतो तितक्या वेळात आपला हात गिअरच्या दांड्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. पण मजा आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे पोर्शेला बाजारानं शिकवलं. २०१३ ची ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक आली. शौकीन नाराज झाले. मग २०१६ मधे कंपनीनं ९११ आर काढली, सहा गिअर, तीन पेडल, फक्त ९९१ गाड्या, आणि लोकांनी मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून त्या एकमेकांकडून घेतल्या. पुढच्याच वर्षी जीटी३ मधे मॅन्युअल परत आला. ग्राहकांनी आग्रह धरला तर कंपन्या ऐकतात, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, शोरूममधे मॅन्युअल आवडतो म्हणता ना, मग बुक पण तोच करा.

रोज हिंजवडीला जाऊन येणाऱ्याला मात्र मी ऑटोमॅटिकच घे म्हणेन. त्या ट्रॅफिकमधे क्लच दाबत बसण्यात कसलीच मजा नाही.

६. ९११ चं इंजिन मागे, चाकांच्याही मागे आहे. हे तर चुकीचं डिझाइन ना? मग एवढं कौतुक का?

पुस्तकाप्रमाणे चुकीचं, हो. १९६३ मधे फ्रँकफर्टला ती ९०१ नावानं दाखवली (मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं प्यूजोनं म्हटल्यावर ९११ झाली) तेव्हापासून वजन मागे लटकलेलं आहे. जुन्या ९११ मधे वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सरळ बाहेर यायचा. पण त्याच वजनामुळे वळणातून बाहेर पडताना मागची चाकं रस्ता घट्ट धरतात आणि ब्रेक मारताना मागचे टायरही नीट काम करतात. साठ वर्षं एकच कल्पना घासत राहून तिच्यातले दोष काढणं आणि स्वभाव तसाच ठेवणं, याचं मला कौतुक आहे. दर दहा वर्षांनी कोरी पाटी घेणाऱ्या कंपन्यांना हे जमत नाही.

७. पण त्याच पोर्शेनं कायेन काढली. एसयूव्ही काढणारी कंपनी स्पोर्ट्स कारची राहते का?

राहते, आणि हे बऱ्याच मित्रांना पटत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे बुडायच्या बेतात होती. कंपनीचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी जपानी सल्लागार आणून कारखान्याची शिस्त बदलली, १९९६ ची बॉक्सटर आणि तिच्यामागून आलेली ९११ यांच्यात पुढचा बराचसा भाग सारखा ठेवून खर्च वाचवला, आणि २००२ मधे फोक्सवॅगनच्या टुआरेगबरोबर कायेन काढली. आज कंपनीच्या विक्रीत अर्ध्याहून जास्त वाटा कायेन आणि तिच्याहून छोट्या मकान या एसयूव्हीचा आहे. जीटी३ सारखी गाडी त्या पैशावर उभी आहे, त्यामुळे कायेन घेणाऱ्याला मी कधी नावं ठेवत नाही. लॅम्बॉर्गिनीत उरुसनं तेच केलं, फेरारीनं पण २०२२ मधे पुरोसांग्वे आणली.

माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. एसयूव्हीचा पैसा हलक्या, छोट्या स्पोर्ट्स कारमधे परत घातला तर ठीक, पण सध्या उलटं दिसतंय. पेट्रोलवरच्या बॉक्सटर आणि केमनची युरोपातली विक्री २०२४ मधे थांबली, कारण नव्या सायबर सुरक्षेच्या नियमात त्यांची जुनी इलेक्ट्रॉनिक्स बसत नव्हती. त्याच वर्षी टोयोटा जीआर८६ युरोपातून गेली, तिथे अडचण ड्रायव्हरला सावध करणाऱ्या यंत्रणांच्या सक्तीची. म्हणजे वर्षाला थोड्याच विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर नियमांचा खर्च मोठ्या गाड्यांएवढाच पडतो, आणि मग हिशोबात पहिली कात्री त्यांच्यावर चालते. थोड्या संख्येत बनणाऱ्या हलक्या गाड्यांना वेगळी सवलत हवी, या मतावर मी ठाम आहे.

८. टोयोटाची नवी सुप्रा म्हणजे नाव बदललेली बीएमडब्ल्यूच ना?

इंजिन, गिअरबॉक्स, खालचा सांगाडा बीएमडब्ल्यू झेड४ बरोबर सामायिक आहे आणि दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात बनत आल्या. पण सेटिंग वेगळं आहे आणि त्यानं फरक पडतो. खरा मुद्दा असा की भागीदारी नसती तर सुप्रा झालीच नसती. जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड तशीच जोडी, फियाट १२४ स्पायडर तर एमएक्स-५ च्याच सांगाड्यावर हिरोशिमात बनायची. खर्च वाटून का होईना, गाडी बनतेय ना, मग बॅजवरून भांडण्यात मला रस नाही.

९. एमएक्स-५ किंवा जीआर८६ सारखी गाडी भारतात का मिळत नाही? आणि आपल्याकडे कोणी प्रयत्नच केला नाही का?

आधी पैशाचं. समजा गाडीची बंदरावर येतानाची किंमत १०० रुपये. ४० हजार डॉलरच्या खालच्या तयार गाडीवर आयात शुल्क सुमारे ७०%, झाले १७०. त्यावर ४०% जीएसटी, झाले २३८. मग महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला २०% रोड टॅक्स, म्हणजे २८५ च्या वर. ४० हजार डॉलरच्या वर गेलात तर आयात शुल्कच ११०%. विमा आणि डीलरचा नफा अजून धरलाच नाही. ब्रिटनशी जुलै २०२५ मधे झालेल्या करारात ठरावीक कोट्यापुरतं हे शुल्क टप्प्याटप्प्यानं १०% पर्यंत उतरणार आहे, पण त्याचा फायदा मोठ्या किमतीच्या गाड्यांनाच जास्त होईल असं मला वाटतं.

मग इथेच बनवा? तिथे दुसरी अडचण. २००६ च्या बजेटपासून आपल्याकडे छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत अशी व्याख्या आहे. सप्टेंबर २०२५ पासून त्या व्याख्येत बसणाऱ्या गाडीला १८% जीएसटी आणि बाहेरच्या गाडीला थेट ४०%. एमएक्स-५ लांबीत चार मीटरच्या आत बसते हो, पण इंजिन १.५ लिटरचं, की गेली ४०% मधे. हजार किलोच्या, पेट्रोल कमी पिणाऱ्या गाडीला दोन टनाच्या एसयूव्हीएवढाच टॅक्स, हे मला अजिबात पटत नाही. टॅक्स लावायचाच तर वजनावर लावा, रस्त्यांचं भलं होईल आणि हलक्या गाड्या बनवणाऱ्यांचंही.

प्रयत्न मात्र झाले. आपल्या गोव्यातच नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म बनायला लागली, दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटर ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. ताकद कमी पडली, किंमत जास्त पडली, पण दिशा बरोबर होती. २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोमधे दिलीप छाब्रिया यांच्या डीसीनं अवंती दाखवली, इंजिन मधोमध, रेनोचं दोन लिटर टर्बो, २५० हॉर्सपॉवर. दिसायला जबरदस्त, पण गाडी विकसित करायला जो पैसा आणि चाचणीची वर्षं लागतात ती छोट्या कंपनीच्या आवाक्यातली नसतात.

आणि सगळ्यात चटका लावणारी म्हणजे टाटाची रॅसेमो, २०१७ च्या जिनिव्हा शोमधली. चार मीटरच्या आत, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १९० हॉर्सपॉवर, इंजिन मागच्या चाकांच्या पुढे. वरची व्याख्या परत वाचा, ही गाडी त्यात अचूक बसत होती! म्हणजे आपल्याच कंपनीनं कायद्याच्या चौकटीत खरीखुरी स्पोर्ट्स कार कागदावर उतरवून दाखवली होती. ती विक्रीला आलीच नाही. जी कंपनी जॅग्वार विकत घेऊ शकते तिनं वर्षाला हजार-दोन हजार रॅसेमो बनवायला हव्या होत्या, तोटा सोसून सुद्धा, असं माझं मत आहे. त्यातून जे इंजिनिअर तयार झाले असते त्यांचा फायदा पुढच्या प्रत्येक गाडीला झाला असता.

१०. घरी आईवडील, दोन मुलं, एकच गाडी परवडते, बजेट वीस लाख. चालवायला मजा येईल असं काय घेऊ?

नवीनमधे आमच्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो, मागे माणसं नीट बसतात आणि वजन सव्वा टनाच्या आसपास. तेवढ्याच पैशात येणाऱ्या उंच एसयूव्हीपेक्षा ती वळणावर कितीतरी शांत असते. चार मीटरच्या आत हवी असेल तर ह्युंदाई आय२० एन लाइन चालवून बघा.

सेकंड हँडमधे रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंटो (१४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क) किंवा फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. अबार्थचे काही पार्ट मिळायला वेळ लागतो, आधी ओळखीच्या गॅरेजवाल्याशी बोला. पोलोत जुना सात गिअरचा डीएसजी (डबल क्लचचा ऑटोमॅटिक) असेल तर त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोलचा, सर्व्हिस रेकॉर्ड बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

११. इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारबद्दल काय मत? पिकअप तर कोणीच हरवू शकत नाही.

सरळ रेषेत खरंच कोणी हरवू शकत नाही. महिंद्राच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाची बॅटिस्टा १९०० हॉर्सपॉवरची आहे. पण प्रश्न ३ मधलं चक्र इथे सगळ्यात जोरात फिरतं. गंमत म्हणजे टेस्लाची पहिली रोडस्टर २००८ मधे लोटस एलिसच्याच पायावर बनली, आणि बॅटरीमुळे तिचं वजन १२०० किलोच्या वर गेलं. ह्युंदाई आयोनिक ५ एन मधे खोटे गिअर आणि खोटा आवाज घातलाय, आणि लोकांना तो आवडलाय, पण गाडी दोन टनाच्या वर आहे. मी विजेच्या विरोधात नाही, शहरात तीच योग्य. बॅटरी निम्म्या वजनाची झाली की हलकी इलेक्ट्रिक रोडस्टर घेणाऱ्यांच्या रांगेत मी पुढे असेन.

१२. रिमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं) आणि मोठा एक्झॉस्ट बसवला तर चालेल का? आणि मग गाडी पळवायची कुठे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मधे हेच ठामपणे सांगितलं. रिमॅपनं वॉरंटी जाते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला जागा शोधतेच. आवाजी सायलेन्सरचं तर बोलूच नका, त्यानं शेजाऱ्यांची झोप जाते आणि सगळ्या गाडीवेड्यांचं नाव खराब होतं. चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड आणि नीट केलेलं अलाइनमेंट यात पैसे घाला, फरक लगेच कळेल. टायर मात्र आरसीप्रमाणे परवानगी असलेल्या मापाचेच.

पळवायची तर ट्रॅकवर. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, इथे ट्रॅक डे होतात. पुण्याहून कोइंबतूर लांब आहे, मान्य, पण एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे आणि घाटात त्याहून बरीच कमी, ती पाळायचीच. घाटात रेस लावणाऱ्यांचे व्हिडिओ मला पाठवू नका.

१३. सेकंड हँड इम्पोर्टेड गाडी नव्या व्हर्टसच्या पैशात मिळतेय, दुसऱ्या राज्याचा नंबर आहे. घेऊ का?

पडलेली किंमत बघून भुलू नका, पार्टची किंमत पडलेली नसते. टायरवरचा चार आकडी कोड बघा, आठवडा आणि वर्ष, कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असून जुने झालेले असतात. आरटीओचं म्हणाल तर दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथे परत नोंदणी आणि इथला रोड टॅक्स लागतो, तिकडची एनओसी आधी हातात घ्या आणि मगच उरलेले पैसे द्या. कर्ज बाकी आहे का तेही आरसीवर बघा. सगळं धरून वर्षाचा खर्च नव्या गाडीच्या हप्त्याएवढा निघाला तर सोडून द्या.

१४. मी अमेरिकेत राहतो, परत येताना माझी एमएक्स-५ घेऊन येता येईल का?

अमेरिकेतली नाही. आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. डावीकडचं स्टिअरिंग पहिल्याच अटीत बाद होतं, जर्मनीतल्यांचंही तेच. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूरमधे असाल तर कागदावर शक्य आहे, पण गाडी मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते, वापरलेल्या गाडीवरचं शुल्क शंभर टक्क्यांच्या वर जातं, आणि माझदा इथे नसल्यामुळे साधा काचेचा तुकडा पण बाहेरून मागवावा लागेल. तिकडेच चांगल्या माणसाला विका. आणि परत यायच्या आधी एखादा शनिवार तिकडच्या ट्रॅकवर घालवा, अमेरिकेत हौशी लोकांसाठी जेवढे ट्रॅक उघडे आहेत तेवढे इथे मिळणार नाहीत.